चित्रे नीट घेतलीस ना?

डबा घेतलास का, पाण्याची बाटली घेतलीस का, हे घरोघर विचारले जाते. चित्रे कशात ठेवलीस, हे मात्र राहून जाते. मुंबईत भरणाऱ्या ‘कॉमिक कॉन’ या कॉमिक्सप्रेमींच्या मेळ्याला पंचवटी एक्स्प्रेसने निघालेल्या नाशिककर मुलांनी एवढे जरूर करावे. चित्रांची गुंडाळी करू नये. पोस्टर कलरच्या जाड थराला भेगा पडतात. दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये चित्रे सपाट ठेवावीत. मध्ये बटर पेपर, वरून प्लॅस्टिक. मेळ्याच्या गर्दीत पिशवी खांद्यामागे न टाकता अंगासमोर उभी धरावी. बघणाऱ्यांच्या हाती रंगीत झेरॉक्स द्यावी. ती पुन्हा काढता येते; रात्री जागून काढलेले मूळ चित्र तसेच पुन्हा होत नाही.