इंजेक्टरवर संशय आलाय? मग आजची ट्रिप मारायची का?



समजा, तुमची स्वतःची डिझेल पिकअप आहे. हप्ता चालू आहे. आज रात्री नारायणगावहून टोमॅटो भरून माळशेज घाटाने वाशी मार्केटला जायचंय. पण दोन दिवसांपासून गाडी उभ्या जागी थरथरतेय, चढावर काळा धूर टाकतेय, ॲव्हरेजही घटलंय. मेकॅनिक म्हणतो, "इंजेक्टर वाटतोय." मनात येतं, एवढी ट्रिप मारू, मग बघू.

थांबा. हा निर्णय मेकॅनिकचा नाही, मालकाचा आहे.

इंजेक्टर डिझेलचा बारीक फवारा मापात सोडतो. तो चोंदला तर ओढ कमी होते. पण तो गळत असेल, तर जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकतं आणि खाली इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. ऑइल पातळ झालं की बेअरिंग घासतात. पिस्टनला भोकसुद्धा पडू शकतं. म्हणजे एका इंजेक्टरचं काम अख्ख्या इंजिनवर जातं.

आधी डिपस्टिक बघा. गाडी सपाट जागी, इंजिन बंद. ऑइलची पातळी वाढलीय आणि डिझेलचा वास येतोय? किंवा इंजिनात जोराचा ठोका आहे? मग गाडी सुरूच करू नका, टो करून न्या. नुसती थरथर असेल, तर रिकामी गाडी हळू चालवत जवळच्या पंप-नोझलवाल्याकडे न्या. भरलेली गाडी घाटात घालू नका.

मग तपासणी मागा. डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर आधी बघायला सांगा, दोष तिथेही असू शकतो. नंतर रिटर्न टेस्ट: प्रत्येक इंजेक्टरमधून परत येणारं डिझेल वेगवेगळ्या बाटल्यांत मोजतात. ज्याची बाटली लवकर भरते, तो संशयित. टेस्टशिवाय चारही बदलू नका. आणि कॉमन रेल गाडीत चालू इंजिनचा पाइप स्वतः सैल करू नका. आतला दाब १,००० बारच्याही वर जातो, डिझेलची धार कातडीत घुसते.

आता वही काढा. एका बाजूला लिहा: दुरुस्ती, दोन दिवसांचं बुडालेलं भाडं. दुसऱ्या बाजूला: इंजिनचं काम, घाटातून टोइंग, सडलेला माल आणि तुटलेलं गिऱ्हाईक. उत्तर समोर दिसेल.

शेतकऱ्याला दुपारीच फोन करा, "दादा, गाडीत काम निघालंय, तुमच्या मालाला दुसरी गाडी लावून देतो." एका ट्रिपचं भाडं जाईल, पण शब्द राहील.

आणि आजपासून दर किलोमीटरमागे थोडे पैसे दुरुस्तीसाठी बाजूला टाका. गाडी बिघडणारच आहे मित्रांनो, तेव्हा खिशात तयारी हवी!