वारा कोणी खायचा?

सायकलची शर्यत म्हटली की आपल्या वस्त्यांतील बहुतेकांच्या डोळ्यांसमोर जयंतीच्या आठवड्यातील संथ सायकल स्पर्धा येते. फक्कीच्या दोन रेषा, त्यांच्यामध्ये डुगडुगणारी पोरे, पाय टेकला की बाद, आणि सर्वांच्या शेवटी पोहोचेल तो पहिला. त्या स्पर्धेत आम्हाला कधीच बक्षीस मिळाले नाही, कारण हळू चालवणे आमच्या स्वभावातच नव्हते. जोरात चालवण्याच्या शर्यतीत मात्र आम्ही पाच-सहा वर्षे उतरलो. त्यातही एकदासुद्धा पहिले आलो नाही. तरी आज त्याच न जिंकलेल्या शर्यतींची हकिगत सांगणार आहोत. निमित्त झाले आमच्या भाचीचे. शेजारच्या तालुक्याच्या गावी मुलींची दहा किलोमीटरची शर्यत होती. ही पोरगी अकरावीत आहे आणि शाळेत असताना शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून मिळालेली सायकल अजून वापरते. त्या सायकलवर ती सुरुवातीपासून सर्वांच्या पुढे होती. शेवटच्या दोन-तीनशे मीटरमध्ये तिघी जणी तिच्या बाजूने निघून गेल्या. ती चौथी आली आणि बक्षिसे तीनच होती. घरी आल्यावर ती जेवली नाही. रात्री म्हणाली, "मामा, सगळा रस्ता मीच पुढं होते, मग हरले कशी?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हाला ठाऊक होते. पाव शतकापूर्वी ते आम्ही स्वतःच्या मांड्यांनी शिकलो होतो.

१९९८ साली आम्ही बारावी कॉमर्सला होतो. वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडी सळयांच्या रोलिंग मिलमध्ये कामाला होते. घरात वाहन एकच, बावीस इंची काळी ॲटलास, तीही जुनी घेतलेली. (या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली ३ जूनला बंद पडला. त्या दिवशी जागतिक सायकल दिन असतो! पेपरात वाचून आम्हाला सुतक आल्यासारखे झाले होते.) त्या वर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनानिमित्त, एका मंडळाने सायकल शर्यत ठेवली. जालन्याहून औरंगाबाद रस्त्याने बदनापूरच्या दिशेने जायचे आणि वळून परत यायचे, सारे मिळून पस्तीसेक किलोमीटर. रात्रपाळी करून आलेले दादा झोपायच्या आधी एवढेच म्हणाले, "ने. पण संध्याकाळी ड्युटीला पाहिजे. चाकाचा आठ करून आणू नको."

आदल्या दिवशी गल्लीच्या तोंडावरच्या सायकलवाल्याने उधारीवर आमची तयारी करून दिली होती. कॅरिअर काढले, स्टँड काढला, दोन्ही मडगार्ड आणि चेनकव्हर काढले. छर्रे धुऊन नवे ग्रीस भरले, ब्रेकचे रबर बदलले. एवढे उतरवूनही सायकल पंधरा-सोळा किलोंच्या खाली आली नसावी. शर्यतीच्या जागी पाहतो तर औरंगाबादहून आलेली सात-आठ पोरे. वाकडे हँडल, बोटाएवढे टायर, एका हाताने उचलावी अशी सायकल. आमच्याकडे पुढच्या चक्राला ४४ दाते आणि मागे १८. गिअर नावाचा प्रकारच नाही. म्हणजे पायडल एकदा फिरवले की सायकल साधारण साडेपाच मीटर पुढे जाणार. ताशी चाळीसचा वेग धरायचा तर मिनिटाला सव्वाशेच्या आसपास पाय फिरले पाहिजेत. हा हिशोब अर्थातच नंतरचा. त्या दिवशी आम्ही फक्त मुंडी खाली घातली.

आणि काय सांगावे, आम्ही पुढे निघालो! नागेवाडी मागे पडली तरी पुढेच. हा रस्ता तेव्हा चौपदरी नव्हता. दोन्ही बाजूंना कपाशी आणि समोरून पश्चिमेचा वारा. छातीवर कोणी तळहात ठेवून मागे ढकलावे तसा तो वारा. मागे वळून पाहिले तर औरंगाबादची पोरे एका ओळीत, आमच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर, निवांत. एक तर चक्क केळे खात होता. आम्हाला वाटले, यांना आम्ही मागे टाकले आहे. वळणाचा पिंप आला, आम्ही वळलो, आणि वारा पाठीशी आला त्याच क्षणी ती ओळ आमच्या बाजूने सर्रकन निघून गेली. पाय उचलावेत तर मांड्यांचे दगड झालेले. त्यानंतर आणखी पाच जणांनी मागे टाकले. आम्ही चौदावे की पंधरावे आलो, ते कोणी लिहूनसुद्धा घेतले नाही.

तिथे एक वयस्क पंच होते, तरुणपणी शर्यती खेळलेले. आम्ही बांधावर बसून ओकत होतो. ते जवळ आले, पाणी दिले आणि म्हणाले, "लेकरा, वारा तू खाल्ला. शर्यत त्यांनी खाल्ली."

या एका वाक्याचा अर्थ लागायला आम्हाला वर्ष गेले. वाचकांना तो चार ओळींत सांगतो. सपाट रस्त्यावर ताशी तीसच्या पुढे गेले की सायकलस्वाराची बहुतेक ताकद समोरची हवा बाजूला सारण्यातच खर्च होते. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो आणि लागणारी ताकद आठपट. मात्र पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतरावर राहिले, की हवा त्याने आधीच फोडलेली असते. मागच्याची पाव ते एक तृतीयांश ताकद वाचते. आम्ही बी. कॉम. माणूस, आम्हाला हे जमाखर्चाच्या भाषेत कळले. सतरा किलोमीटर सगळा खर्च आमच्या खात्यात पडला आणि सगळी बचत त्यांच्या. वर्षअखेरीस ताळेबंद निघाला तेव्हा आमच्याकडे शिल्लक शून्य. यात त्यांनी लबाडी केली असे मात्र नाही. सायकल शर्यतीचा हा मान्य रिवाज आहे. फक्त तो ज्याला संघ आहे, क्लब आहे, शिकवणारा आहे, त्यालाच ठाऊक असतो.

पुढची दोन वर्षे आम्ही चाक धरायला शिकलो. कोणाच्या मागे? तर अंबड रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीमागे! हा मूर्खपणा होता. ट्रॉलीने ब्रेक मारला की सायकलस्वार थेट उसात. एकदा मोळी सुटून समोर पडली तेव्हा थोडक्यात वाचलो. तरुण वाचकांनी हे करू नये. सायकलमागे सायकल, एवढेच धरावे, आणि तेही पुढच्याला सांगून.

२००१ साली पुन्हा एका शर्यतीत उतरलो. या वेळी अक्कल होती, म्हणून पुढे गेलो नाही. दहा-बारा जणांच्या घोळक्यात शिरलो. रीत अशी, की प्रत्येकाने थोडा वेळ पुढे जाऊन वारा खायचा आणि मग बाजूला होऊन ओळीच्या शेवटी यायचे. आमची पाळी आम्ही इमानाने केली. बाजूच्याने नाव विचारले. सांगितले. मग आडनाव विचारले. मग राहायला कुठे, तेही विचारले. तो पुढे गेला, दोघांशी काही बोलला. आमची पाळी संपवून आम्ही ओळीच्या शेवटी आलो तर तिथे जागा होईना. शेवटचा मुलगा रस्त्याच्या कडेला चिकटून चालवू लागला, म्हणजे आडोसा घ्यायचा तर आम्हाला मुरमात उतरावे लागणार. दुसऱ्या वेळी तेच, तिसऱ्या वेळी तेच. शेवटी आम्ही एकटे पडलो. आता कोणी म्हणेल, शर्यतीत अनोळख्याला असेच कटवतात, तुम्ही उगाच आडनावाशी जोडता. असेलही. त्या मुलांच्या मनात काय होते ते आम्ही पाहिलेले नाही. प्रश्नांचा क्रम मात्र आम्हाला लहानपणापासून पाठ होता.

बऱ्याच वर्षांनी एका ग्रंथालयात मेजर टेलर या कृष्णवर्णीय अमेरिकन सायकलपटूची माहिती वाचनात आली आणि आम्ही खुर्चीतून उठून उभेच राहिलो. १८७८ साली इंडियानापोलिसला जन्म. १८९४ मध्ये अमेरिकेतील सायकलस्वारांच्या राष्ट्रीय संघटनेने काळ्यांना सभासदत्व बंद केले होते. तरीही १८९९ साली माँट्रियलला हा गडी एक मैलाच्या शर्यतीत जगज्जेता झाला. गोरे स्पर्धक आपापसांत संगनमत करून त्याला घोळक्यात कोंडत, धक्के देत. १८९७ मध्ये एका शर्यतीनंतर तर एकाने त्याचा गळा आवळून त्याला बेशुद्ध केले होते. त्याला ओळीत कोणी जागा देत नसे, म्हणून फट दिसताच तिच्यातून विजेसारखे सुटायचे आणि मग कोणाच्या हाती लागायचे नाही, हे त्याने साधले. १९३२ साली शिकागोत तो कंगाल अवस्थेत वारला. त्याच्या कबरीवर नावही नव्हते. १९४८ मध्ये जुन्या सायकलपटूंनी पुढाकार घेऊन त्याला नीट जागी पुरले. संघटनेने आपल्या त्या नियमाबद्दलची चूक दुरुस्त केली ती १९९९ साली, म्हणजे आमच्या पहिल्या शर्यतीच्या नंतर!

आम्ही टेलर नव्हतो. आमच्या पायांत ती वीज नव्हती. २००४ मध्ये कारकुनाची नोकरी लागली, लग्न झाले, शर्यती सुटल्या. खंडाळ्याचा घाट चढणारी मुंबई-पुणे शर्यत आणि तिच्यातला 'घाटाचा राजा' हा किताब आम्ही वर्तमानपत्रातच पाहिला. कचेरीत मात्र सायकलनेच जात राहिलो. सहकारी हसत. पेट्रोल शंभरीला गेल्यावर हसणे थांबले.

या मधल्या काळात महाराष्ट्रातील माणसांनी सायकलवर मोठे पराक्रम केले. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत असते. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांचा संघ करून ती पुरी केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली. आम्ही भाचीला हे सांगितले तेव्हा तिने लगेच पकडले, "एकट्यानं? मग वारा?" बरोबर आहे. त्या शर्यतीत आडोसा घ्यायला मनाई असते. तरीपण एकटा म्हणजे अगदी एकटा नव्हे. मागे गाडीत रात्रंदिवस माणसे असतात. कोणी रस्ता बघतो, कोणी पाणी देतो, कोणी झोपेतून उठवतो. आणि २०२६ च्या जानेवारीत पुणे जिल्ह्यात परदेशी संघांची पाच दिवसांची 'पुणे ग्रँड टूर' झाली. अशा शर्यतीत तर संघातले काही जण म्होरक्यासाठी वारा खायलाच नेमलेले असतात. ते त्यांचे काम आणि त्याचाच त्यांना पगार.

त्या रविवारी पहाटे भाचीला घेऊन आम्ही निघालो. सायकलला हवा भरली, सीट दोन बोटे वर केली. (पायडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील एवढी सीट हवी. आपल्या मुली पाय जमिनीला पुरावेत म्हणून सीट पार खाली घेतात आणि मग गुडघे दुखतात.) गावाबाहेर वारा होता. तिला म्हटले, आधी तू पुढे चालव. चालवली, धापा टाकू लागली. मग म्हटले, आता आमच्या मागच्या चाकाला लाग, नजर चाकावर नको, आमच्या पाठीवर ठेव. शंभर पायडल झाली असतील नसतील. मागून ओरडली, "मामा! इथं तर वाराच नाही!"

पुढे ती बराच वेळ बोलली नाही. परतताना म्हणाली, "म्हणजे त्या तिघी माझ्यामागं होत्या."

आता वस्तीतील पाच मुले आणि ती अशी सहा जण रविवारी येतात. दोनशे पायडल झाली की पुढच्याने बाजूला व्हायचे. वेग वाढवून मागच्याला तोडायचे नाही. खड्डा दिसला की हात खाली करून दाखवायचा. तासाच्या आत परतायचे असेल तर पाणी पुरे. त्याहून लांब जायचे तर भूक लागायच्या आधी गूळ-शेंगदाणे खायचे, कारण एकदा पायांतले बळ गेले की खाऊनही लगेच येत नाही. एमआयडीसीच्या ट्रकांचा रस्ता आम्ही टाळतो. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला आहे, पण त्यावर सायकलला बंदी. मग खेड्यांचे रस्तेच आपले. आमच्या सौ. म्हणतात, "सहा दिवस फायली, सातव्या दिवशी सायकली." पण सहा जणांच्या दशम्या त्याच बांधून देतात.

मागच्या आठवड्यात एक पेच पडला. शर्यतीत पुढे निघून गेलेल्या तिघींपैकी दोघींची नावे भाचीने शोधून काढली होती. कॉलेजात भेट झाली. त्यांनी विचारले, आम्ही येऊ का रविवारी? त्या दुसऱ्या वस्तीच्या, दुसऱ्या समाजाच्या, आणि एकीकडे गिअरची सायकल. आमच्यातला एक मुलगा फटकन म्हणाला, "कामून? त्यांनी दिली होती का जागा?" खोटे कशाला सांगावे, क्षणभर आम्हालाही तेच वाटले. २००१ मधला तो मुरूम आठवला. आम्ही काही बोलायच्या आधी भाचीच म्हणाली, "येऊ दे ना. सहा जणांत वारा वाटून खाण्यापेक्षा आठ जणांत वाटला तर प्रत्येकाला कमीच येईल."

हिशोब बिनचूक होता. कॉमर्सच्या माणसाला त्यात दुरुस्ती करता येईना.

येत्या रविवारी त्या दोघी येणार आहेत. सकाळी साडेपाचला बुद्ध विहाराच्या फाटकापाशी जमायचे. हवेचा पंप, पंक्चरचे सामान आणि दोन जादा हेल्मेट आमच्याकडे आहेत. गूळ-शेंगदाणे ज्याचे त्याने आणावेत, कारण गेल्या वेळी आमची पुडी नागेवाडीच्या आधीच संपली.