ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी एसएमपीएसचे स्टिकर वाचा



शाळेच्या या वर्षीच्या हिशेबात एक खर्च दोनदा आलेला दिसेल. संगणक कक्षासाठी सहा एसएमपीएस, रुपये ६,९००. आणि चार महिन्यांनी पुन्हा सहा एसएमपीएस, रुपये २५,२००. विश्वस्तांच्या सभेत यावर प्रश्न विचारला गेला, आणि तो विचारायलाच हवा होता. सभेत वेळ थोडा होता, म्हणून सविस्तर उत्तर इथे देत आहे. आजकाल घरोघरी मुले ग्राफिक्स कार्डाचा हट्ट धरतात, तेव्हा पालकांनाही याचा उपयोग होईल.

आपल्या एका माजी विद्यार्थ्याने शाळेला सहा ग्राफिक्स कार्डे भेट दिली, एनव्हिडियाची आरटीएक्स ३०६०. अकरावी-बारावीच्या मुलांनी ब्लेंडर हे विनामूल्य सॉफ्टवेअर शिकावे, अ‍ॅनिमेशन करावे, ही त्याची इच्छा. कार्डे आली, पण आमच्या संगणकांचे जुने एसएमपीएस त्यांना पुरणार नाहीत असे संगणक शिक्षकांनी सांगितले. मी तीन कोटेशन मागवले. सर्वांत कमी दर होता नगास १,१५० रुपये, वर ठळक अक्षरांत ‘६०० वॅट’ लिहिलेले. दुसरे कोटेशन ४,२०० रुपयांचे, आणि तो माल फक्त ५५० वॅटचा! शिक्षक म्हणाले, “सर, महागवालाच घेऊ या.” मी म्हटले, जास्त वॅट कमी पैशात मिळत असताना ट्रस्टचे पैसे का घालवायचे? बसवणारा भैया पण म्हणाला, “चल जाएगा सर.” आपल्या इंदूरमध्ये या दोन शब्दांवर किती कामे होतात ते आपण जाणताच. पहिल्या ऑर्डरवर सही माझीच आहे.

चालला, पण जेमतेम अडीच महिने. जड काम लावले की कधी एक, कधी दुसरा संगणक आपोआप बंद होऊन सुरू होई. आम्ही विंडोज पुन्हा टाकून पाहिले, कार्डे काढून साफ केली. मग एके दुपारी रेंडरिंग चालू असताना एका कॅबिनेटमधून फट्‌ असा आवाज आला, जळका वास सुटला आणि वर्गाची लाइट गेली. एसएमपीएस जळला. जाता जाता मदरबोर्ड आणि हार्ड डिस्कही घेऊन गेला. कार्ड तेवढे वाचले. त्या डिस्कवर अकरावीच्या दोन मुलींनी सात आठवडे खपून केलेली राजवाड्याची प्रतिकृती होती, सातही मजले, खिडक्या-सज्ज्यांसकट. पेन ड्राइव्हवर महिन्यापूर्वीची अर्धवट प्रत मिळाली. त्या मुलींना काय सांगावे ते मला त्या दिवशी सुचले नाही.

आता मूळ गोष्ट. भिंतीतून येणारी वीज २३० व्होल्टची, दिशा बदलणारी. संगणकाच्या आतल्या भागांना लागतात १२, ५ आणि ३.३ व्होल्ट, तेही एकाच दिशेचे आणि स्थिर. हे रूपांतर करणारा लोखंडी डबा म्हणजे एसएमपीएस. आजच्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, म्हणजे सर्वांत खादाड दोन्ही भाग, आपली बहुतेक वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतात. १९९५ साली इंटेलने एटीएक्स हे मानक आणले तेव्हा भर ५ आणि ३.३ व्होल्टवर होता. २००३ च्या सुमाराच्या सुधारणेपासून तो १२ व्होल्टकडे सरकला. स्वस्त एसएमपीएसची रचना मात्र पुष्कळदा अजून त्या जुन्याच काळातली असते.

मी बी.एस्‌सी. हिंदी माध्यमातून केले. ‘शक्ति बराबर विभवांतर गुणा धारा’ हे सूत्र तेव्हा शेकडो वेळा लिहिले असेन. म्हणजे व्होल्ट गुणिले अँपियर बरोबर वॅट. पण कोटेशनवर सही करताना हे सूत्र आठवले नाही याची लाज वाटते. एसएमपीएस जळाल्यावर त्याच्या बाजूचे स्टिकर मी चष्मा लावून वाचले. बारीक अक्षरांत एक तक्ता होता: ३.३ व्होल्टवर २२ अँपियर, ५ व्होल्टवर २४, १२ व्होल्टवर १६. गुणाकार करा. पहिल्या लाइनवर सुमारे ७३ वॅट, दुसरीवर १२०, तिसरीवर १९२. उरलेल्या किरकोळ लाइन धरूनही बेरीज ४०० च्या आत राहते. वर लिहिलेले ६०० कुठून आले ते छापणाऱ्यालाच ठाऊक.

त्यातले कामाचे फक्त १९२ वॅट, आणि खर्च किती? आरटीएक्स ३०६० पूर्ण जोरात १७० वॅट घेते. आमच्या संगणकातला प्रोसेसर आय-५ १२४०० आहे. त्याच्या खोक्यावर ६५ वॅट हा आकडा दिसतो, पण वेग वाढवल्यावर तो ११७ पर्यंत जाऊ शकतो, हे इंटेलच स्वतःच्या माहितीपत्रकात देते. दोन्ही मिळून २८७ वॅट, आणि लाइन १९२ ची. सहा जणांच्या टेम्पोत नऊ जण बसवल्यासारखे झाले. दुसऱ्या कोटेशनातल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसच्या तक्त्यात १२ व्होल्टवर ४३ अँपियर होते, म्हणजे ५१६ वॅट. तो ‘लहान’ एसएमपीएस आमच्या ‘मोठ्या’ एसएमपीएसच्या अडीचपटीहून जास्त समर्थ होता.

म्हणून दुकानात गेल्यावर डब्याची पुढची बाजू पाहू नका. तो उलटा करा, तक्त्यात १२ व्होल्टच्या खाली किती अँपियर आहेत ते पाहा आणि १२ ने गुणा. गुणाकार जाहीर केलेल्या वॅटच्या जवळपास आला तर माल विचार करण्याजोगा. फार खाली राहिला, किंवा तक्ताच नसला, तर डबा परत ठेवा.

किती वॅटचा घ्यावा? कार्डाची कंपनी शिफारस देते. आरटीएक्स ३०६० साठी ती ५५० वॅट आहे. आमचा एक संगणक प्रत्यक्षात ३४० च्या आसपास घेणार, मग एवढी शिफारस का, असे एका पालकांनी विचारले. एक तर पूर्ण ताकदीवर रोज तासन्‌तास चालवलेले यंत्र लवकर म्हातारे होते. दुसरे म्हणजे ग्राफिक्स कार्ड एकसारखी वीज घेत नाही. क्षणाच्या अगदी छोट्या अंशापुरती त्याची मागणी सरासरीच्या कितीतरी वर उसळते. २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात तर मोठ्या एसएमपीएसने आपल्या क्षमतेच्या दुप्पट उसळी १०० मायक्रोसेकंद सोसावी अशी अट घातली आहे. आमचे संगणक मध्येच बंद होत त्याचे कारण माझ्या मते हेच होते, आणि आम्ही विंडोज टाकत बसलो.

पण क्षमता कमी पडणे हा अर्धाच दोष. चांगल्या एसएमपीएसवर भार जास्त झाला, शॉर्ट झाले, व्होल्टेज चढले किंवा आतली उष्णता वाढली, तर तो मुकाट्याने बंद होतो. या सुरक्षा आतल्या सर्किटमध्ये असतात, आणि किंमत कमी करायची तर पहिली कात्री त्यांच्यावरच चालते, कारण त्या ग्राहकाला दिसत नाहीत. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात ओव्हर पॉवर, ओव्हर करंट, ओव्हर व्होल्टेज, शॉर्ट सर्किट आणि ओव्हर टेम्परेचर या पाचही सुरक्षांचा उल्लेख शोधा.

‘८० प्लस’ हे चिन्ह पुष्कळांना माहीत आहे. २००४ पासून ते दिले जाते. किती वीज कामी येते आणि किती उष्णतेत वाया जाते, एवढेच ते सांगते. ११५ व्होल्टवरच्या मूळ कसोटीत ब्राँझला अर्ध्या भारावर किमान ८५ टक्के आणि गोल्डला ९० टक्के कार्यक्षमता लागते. चिन्ह असलेला घ्यावा हे खरे, पण ते सुरक्षेचे प्रमाणपत्र नाही. २०२१ साली गिगाबाइट कंपनीच्या ७५० आणि ८५० वॅटच्या दोन मॉडेलांवर चाचणी करणाऱ्यांनी टीका केली की जास्त भारावर काही नग फुटतात. दोन्ही मॉडेले गोल्डवाली होती. कंपनीने ऑगस्टमध्ये निवेदन काढून भार-मर्यादेची सुरक्षा आधीच्यापेक्षा लवकर लागू होईल असा बदल केला आणि ठरावीक नग बदलून देण्याची सोय केली. तेव्हा घ्यायच्या त्याच मॉडेलची, उघडून केलेली परीक्षा वाचल्याशिवाय केवळ नाव आणि बिल्ला पाहून पैसे देऊ नयेत. हे काम आपल्या मुलांकडून करून घ्या, ती अशा परीक्षा आनंदाने वाचतात.

वॉरंटी मी आता फार महत्त्वाची मानतो. आमच्या पहिल्या एसएमपीएसला एक वर्षाची होती, तीही दुकानदाराच्या तोंडची. चांगल्या मालाला तीन, पाच, काहींना दहा वर्षेही मिळतात. आतले कपॅसिटर उष्णतेने झिजतात. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य निम्मे होते. म्हणूनच पूर्ण वॅट ४० अंशांवर देतो की ५० वर, हेही माहितीपत्रकात पाहावे. मे महिन्यात आपल्याकडे खोलीबाहेरच पारा चाळिशी ओलांडतो, कॅबिनेटच्या आत काय होत असेल! याच कारणाने जुना, कुणीतरी वापरलेला एसएमपीएस स्वस्तात घेऊ नये. जुने मॉनिटर घ्या, कीबोर्ड घ्या, हा डबा नको.

केबलबद्दल थोडे. मदरबोर्डच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, सहा पिनच्या केबलमधून आणखी ७५, आठ पिनच्या केबलमधून १५०. आमच्या त्या एसएमपीएसला आठ पिनची केबलच नव्हती. भैयाने दोन जुन्या प्लगांना जोड लावून ती बनवली होती. कार्डाला हवी ती केबल एसएमपीएसमधूनच येत नसेल, तर तो एसएमपीएस त्या कार्डासाठी नाही असे समजावे. हार्ड डिस्कच्या साटा प्लगवरून कार्डाला वीज देणारे जोड तर मुळीच घेऊ नका, त्या प्लगची १२ व्होल्टवरची मर्यादा जेमतेम ५४ वॅट आहे. आणि केबल सुट्या होणाऱ्या एसएमपीएसमध्ये एका कंपनीची केबल दुसरीच्या डब्याला लावू नका. प्लग बसतो, पण आतल्या पिनांचा क्रम वेगळा असू शकतो आणि क्षणात सगळे जळते.

पालकांना माझा एक आग्रह. मुलाला खरोखर एवढे मोठे कार्ड हवे आहे का, ते आधी विचारा. जीटीएक्स १६५० ची पुष्कळ मॉडेले ७५ वॅटमध्ये भागवतात, आरटीएक्स ३०५० चे ६ जीबीवाले कार्ड ७० मध्ये. त्यांना बहुधा वेगळी केबलही लागत नाही. शाळेचे अ‍ॅनिमेशन शिकायला ती पुरतात, आणि घरचा एसएमपीएस बऱ्यापैकी असेल तर तो बदलावाही लागत नाही. ऑफिसातून निघालेला ब्रँडेड संगणक घरी असेल तर मात्र जपून. त्यात कधी कधी कंपनीचा स्वतःचा वेगळ्याच प्लगचा आणि आकाराचा एसएमपीएस असतो, बाजारातला बसत नाही.

नवे सहा एसएमपीएस घ्यायला या वेळी मी स्वतः संगणक शिक्षकांबरोबर गेलो. दुकानदाराला प्रत्येक डबा उलटा करायला लावला, तो हसत होता, हसू दे. बसवताना आणखी दोन गोष्टी उघडकीस आल्या. कॅबिनेटला हात लागला की मुलांना झिणझिण्या येतात अशी जुनी तक्रार होती. इलेक्ट्रिशियनने बोर्ड उघडला तर तिसऱ्या पिनेला तारच नव्हती! अर्थिंग नसले की एसएमपीएसच्या फिल्टरमधून येणारी थोडी वीज कॅबिनेटवर उतरते, आणि आत बिघाड झाला तर तोच झटका जिवावर बेतू शकतो. सहाही बोर्डांना आता अर्थिंग केले आहे. दुसरे, आमचे ६०० व्हीएचे यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटचेच निघाले. संगणकाला ३४० वॅट द्यायचे तर ८५ टक्के कार्यक्षमतेने भिंतीतून ४०० ओढावे लागतात, मॉनिटर वेगळा. लाइट गेली की ते यूपीएस टिकणार नाहीत. त्यासाठीची मागणी पुढच्या सभेत ठेवत आहे, या वेळी तीनही कोटेशनांबरोबर वॅटचा हिशेब जोडून.

विद्यार्थ्यांना एकच ताकीद. एसएमपीएसचा डबा कुणीही, कोणत्याही कारणाने उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक विद्युत भार काही काळ राहू शकतो. उरलेले पाच जुने नग मी स्वतः कुलपात ठेवले आहेत. ते कुणाला विकलेही जाणार नाहीत.

राजवाड्याचे काम त्या दोघींनी पुन्हा सुरू केले आहे, चौथ्या मजल्यापर्यंत आले आहे. प्रत दर शुक्रवारी शाळेच्या वेगळ्या डिस्कवर ठेवली जाते. ज्या पालकांना घरच्या एसएमपीएसबद्दल शंका असेल, त्यांनी त्याच्या स्टिकरचा स्पष्ट फोटो आणि कार्डाचे नाव घेऊन शनिवारी शाळा सुटल्यावर संगणक कक्षात यावे. गुणाकार करून द्यायला बारावीची मुले बसलेली असतात.

आपला,
मुख्याध्यापक