ओठांवरची लाख

कार्तिकात गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीच्या भवताली धान कापणीला येतो. त्याच सुमारास गडचिरोली-गोंदियाच्या पट्ट्यात पळसावरची लाखही उतरवतात. पाऊस लागता लागता, जून-जुलैत, किड्यांनी भरलेल्या काड्या झाडाला बांधायच्या आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात फांद्या छाटून लाख खरवडायची, असं हे ‘कतकी’ पीक. हातात घ्यावी तर खडबडीत तपकिरी खपली. पाण्यात भिजवून चोळली की मात्र भांडं लालभडक होतं. धुऱ्यावरच्या पळसाचं फूल रंगपंचमीला सगळ्यांना आठवतं, पण त्याचा रंग पिवळा-केशरी. झाडाचा खरा लाल रंग त्याच्या फांदीवर बसलेल्या किड्याच्या अंगात असतो.

हे सगळं आठवलं ते बिटामुळे. ओठांसाठी घरच्या घरी नैसर्गिक रंग म्हटलं की सगळे बीटच सांगतात: रस काढा, तुपात मिसळा, डबीत भरा. मीही केलं. तूप वर आलं, रस तळाला बसला आणि आठव्या दिवशी डबीत बुरशी धरली. बिटाचा रंग पाण्यात विरघळतो, तुपात-मेणात नाही. शिवाय उन्हाने आणि उष्णतेने तो उडतो. ओठांना लावायचा तो स्निग्ध पदार्थ, आणि रंग पाण्यातला. घरगुती ओठरंगाची गोची ही आहे. रंग हवे तेवढे मिळतात, त्यांना तेलात बसवायचं कसं ते कोणी सांगत नाही.

आपल्या आज्या-पणज्यांनी हा प्रश्न कपाळापुरता सोडवला होता. आधी मेणाचं बोट टेकवायचं, मग त्यावर कोरडं कुंकू. पिंजर मेणाला धरून राहायची, घामाने ओघळायची नाही. खाली मेण, वर रंग, लिपस्टिकची घडण याहून फार वेगळी नाही. मग हेच कुंकू ओठांना का नाही? जुनं कुंकू हळदीचं. हळद क्षाराने लाल होते आणि आंबट लागताच पुन्हा पिवळी पडते. चिंचेचं सार भुरकलं की ओठ पिवळे! आजच्या बाजारी कुंकवात काय असतं हे डबीवरून कळत नाही, तेव्हा त्याला तोंडाजवळ आणूच नये.

ओठांचं उत्तर त्याहून जुनं आहे, आणि गंमत म्हणजे ते पुरुषांसाठी सांगितलेलं आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रात नागरकाची, म्हणजे शहरातल्या रसिक माणसाची, दिनचर्या येते. सकाळी उठून दात घासले, उटी-धूप झाला की त्याने मेण आणि अळिता लावायचा, आरशात तोंड पाहायचं, विडा तोंडात धरायचा आणि कामाला लागायचं. अळिता म्हणजे लाखेचा रंग, संस्कृतातला अलक्तक. म्हणजे नागरकाचे दोन्ही जिन्नस रानातले. मोहोळाचं मेण आणि झाडावरची लाख, दोन्ही आरमोरीच्या आसपासच्या जंगलाला परकी नाहीत.

लाखेच्या किड्याचे दोन प्रकार. पळस-बोरीवरचा रंगीनी आणि कुसुमाच्या झाडावरचा कुसुमी. एकेकाळी ईस्ट इंडिया कंपनी लाखेचा रंग विलायतेला पाठवत असे. 1856 साली पर्किनला पहिला कृत्रिम रंग गवसला, 1869 मध्ये मंजिष्ठेच्या मुळातलं लाल द्रव्य प्रयोगशाळेत तयार झालं, आणि लाखेच्या रंगाला गिऱ्हाईक उरलं नाही. लाखेतल्या राळेला मात्र भाव आला. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या चपडा लाखेच्याच. तेव्हापासून कारखान्यात लाख धुतात ती राळेसाठी, लाल पाणी बहुतेक गटारात जातं. ज्यासाठी लाख विलायतेला जात होती, ते आता धुवण.

हे धुवण ओठांवर आणायचं तर तुरटी लागते. तुरटीतलं ॲल्युमिनियम लाखेच्या रंगाला घट्ट धरतं आणि पाण्यात न विरघळणारी पूड तळाला बसते. आरमोरीत कोसा, म्हणजे रानरेशीम, होतो. ढिवर मंडळी ऐनाच्या झाडावर कोसाचे किडे पोसतात. रेशीम लाखेत रंगवताना तुरटी हेच काम करते, फक्त तिथे रंग धाग्याला धरतो. अशा न विरघळणाऱ्या रंगपुडीला इंग्रजीत ‘लेक’ म्हणतात. तळ्याशी त्याचा काही संबंध नाही, तो शब्द आपल्या लाखेवरून गेला. आजच्या महागड्या लिपस्टिकच्या वेष्टणावर ‘रेड अमुक लेक’ असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. रंग कारखान्यातला असला तरी नाव पळसावरचं.

कृती सांगते. मूठभर काडीलाख जाडसर कुटून कोमट पाण्यात रात्रभर ठेवावी, सकाळी चोळून दुहेरी फडक्यातून गाळावी. त्या लाल पाण्यात चमचाभर तुरटी विरघळवावी आणि खाण्याचा सोडा चिमटी-चिमटीने घालावा. फेस येतो, घाई केली की उतू जातं. गाळ बसला की वरचं पाणी ओतून दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुवावं, गाळ फडक्यावर सावलीत पूर्ण वाळवावा आणि खलात इतका घोटावा की बोटांना कण लागू नये. सगळा जीव या घोटण्यात आहे. मग एक भाग मेण, एक भाग मोहाच्या बियांचं तेल आणि दोन भाग तिळाचं तेल गरम पाण्यात ठेवलेल्या वाटीत वितळवून त्यात ही पूड खलावी. मेण 62 ते 64 अंशांना वितळतं, थेट आचेची गरज नाही. मोहाचं तेल थंडीत आपोआप गोठतं, वास मात्र सगळ्यांना रुचत नाही. कोकणातल्या वाचकांनी भिरंडेल घ्यावं. नवतपाच्या उन्हात डबी पातळ झाली तर पुढच्या वेळी मेण वाढवावं. पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर पाहावं.

एवढा खटाटोप नको असेल त्यांच्यासाठी शेंद्री आहे. मूळची दक्षिण अमेरिकेची, आता आपल्या बागांतही दिसते. तिच्या बियांवरचा रंग तेलात सहज उतरतो. मंद कोमट तेलात बिया भिजवल्या, गाळल्या, की झालं. पण तो शेंदरी, लाल नाही. आणि शाकाहाराचं कडक व्रत असणाऱ्यांना शेंद्रीच बरी. लाख काय किंवा परदेशी लिपस्टिकमधलं कार्माइन काय, दोन्ही किड्यांचेच रंग.

विड्याचं काय? खैराचा कात, चुना, पान यांनी ओठ रंगतात, आणि त्यासारखा रंग दुसरा नाही हे मला मान्य आहे. पण गडचिरोलीत आता विड्याची जागा सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याने घेतली आहे. सुपारी आणि तंबाखू दोन्ही कर्करोगाला कारण ठरतात, आणि जिल्ह्यात ‘मुक्तिपथ’ ही दारू-तंबाखूविरोधी मोहीम उभी राहिली. त्या लालीचं कौतुक इथे करवत नाही.

शेंदूरही नको, त्यात शिसं असतं. दिवाळीनंतर वडशाकडून झाडीपट्टीची नाटकं गावोगाव निघतात, त्यांच्या रंगभूषेलाही हेच लागू. मराठी रंगभूमीवर एकेकाळी तोंडाला मुरदाडशिंग फासत, तेही शिशाचंच. बचत गटांनी हा ओठरंग विकायला करायचं ठरवलं तर परवाना लागतो. 2020 च्या नियमांप्रमाणे प्रसाधनाच्या रंगात शिसं दहा लाखांत 20 भागांवर आणि आर्सेनिक 2 भागांवर जाता कामा नये.

माझी डबी जांभळट लाल निघाली. ती चकाकत नाही, आणि चहा घेतला की निम्मी कपाला लागते. उरते ती विडा खाऊन अर्धा तास झाल्यावर ओठ दिसतात, तशी.