थोड्या खर्चात संकेतस्थळाकडे गिऱ्हाईक कसे वळवावे?

पावसाळ्यात वैनगंगा फुगू लागली की भंडारा जिल्ह्यात जो तो एकच प्रश्न विचारतो : "कारध्याला पाणी किती चढले?" भंडारा शहरासमोर, नदीच्या पलीकडील काठावर वसलेले कारधा हे गाव तेथील पाणीपातळीच्या मोजणीमुळे दूरवर परिचित झाले आहे. २४५.५० मीटर ही तेथील धोक्याची पातळी होय. पूर्वी हा प्रश्न पारावर किंवा चहाच्या टपरीवर विचारला जाई. आता तो मोबाईलवरही विचारला जातो, आणि ज्या पानावर त्या दिवसाची पातळी दिलेली असेल, त्या पानाकडे लोक कोणत्याही जाहिरातीवाचून आपण होऊन वळतात.

ही गोष्ट आरंभीच सांगण्याचे कारण असे की, आपला माल थेट गिऱ्हाइकास विकावा या हेतूने काही शेतकरी व महिला बचत गट आता स्वतःचे संकेतस्थळ तयार करवून घेतात. त्यावर हिरव्यागार बांध्यांचे चित्र असते, "आपले स्वागत आहे" असे लिहिलेले असते आणि दूरध्वनी क्रमांक असतो. परंतु महिने लोटले तरी तेथे कोणी फिरकत नाही. गटाच्या बचतीतून गेलेला पैसा वाया गेला असे सदस्यांस वाटू लागते व पुढे कोणी नवा उपक्रम सुचविला तर त्यास विरोध होतो. दोष बहुधा संकेतस्थळाच्या कल्पनेत नसतो. रस्त्यापासून दूर, बांधीच्या मध्यभागी दुकान मांडावे आणि तेथवर पांदण मात्र काढू नये, तसा हा प्रकार असतो. ही पांदण थोड्या पैशांत कशी काढता येईल, याचा विचार या लेखात केला आहे.

नाव दूर जाते, पत्ता मागे राहतो

पैसा न खर्चता माल लोकांपर्यंत पोचू शकतो काय? याचे उत्तर आपल्या शेजारच्या जिल्ह्यातच मिळते. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड या गावी दादाजी रामाजी खोब्रागडे हे अल्पभूधारक शेतकरी होते. १९८३ साली 'पटेल ३' या वाणाच्या आपल्या शेतात त्यांना काही निराळ्या लोंब्या आढळल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढून ठेवल्या व वर्षानुवर्षे निवड करून एक बारीक दाण्याचे धान सिद्ध केले. पुढे एका व्यापाऱ्याने त्या वेळी लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळावरून त्या धानास 'एचएमटी' हे नाव दिले. ते नाव सोपे होते, ओळखीचे होते आणि भात चवीला उत्तम होता. शेतकऱ्याने शेतकऱ्यास सांगितले, गिऱ्हाइकाने शेजाऱ्यास सांगितले, आणि हे धान महाराष्ट्राबाहेरही पसरले.

या हकिकतीची दुसरी बाजू मात्र तितकी सुखाची नाही. धानाबरोबर घड्याळाचे नाव गेले, पण ते धान कोणी व कोठे सिद्ध केले हे पोत्यावर लिहिलेले नव्हते. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने २००५ साली खोब्रागडे यांचा गौरव केला, तोवर पुष्कळ काळ लोटला होता. या वाणापासून इतरांनी जी कमाई केली, तिच्या मानाने त्यांच्या पदरी फारच थोडे पडले. २०१८ साली त्यांचे निधन झाले.

संकेतस्थळाचा खरा उपयोग येथे ध्यानात येतो. मालाची कीर्ती तोंडोतोंडी पसरते, परंतु ती पसरत असताना उत्पादकाचा पत्ता तिच्याबरोबर जावा लागतो. म्हणून पहिला खर्च करावयाचा तो पिशवीवर. तांदळाच्या प्रत्येक पिशवीवर, पावतीवर व गटाच्या फलकावर संकेतस्थळाचा पत्ता ठळक अक्षरांत छापून घ्यावा. सोबत मोबाईलने टिपता येणारा चौकोनी संकेत, ज्यास लोक 'क्यूआर कोड' म्हणतात, तोही द्यावा. तो तयार करण्यास पैसे पडत नाहीत. ज्याने आपला भात एकदा खाल्ला आहे तो मनुष्य संकेतस्थळावर येण्यास सर्वांत सोपा, आणि त्याच्या घरी गेलेली रिकामी पिशवी हीच आपली जाहिरात होय.

पत्त्याचे नाव निवडताना ते आखूड व उच्चारास सोपे असावे. २०१४ पासून '.भारत' या अंत्यपदासह देवनागरीतही पत्ता घेता येतो. तथापि बहुतेक गिऱ्हाइकांच्या मोबाईलवर रोमन अक्षरे अधिक सवयीची असल्याने एकच पत्ता घेणे परवडत असेल तर तो रोमन लिपीत घ्यावा, असे आमचे मत आहे. पत्ता गटाच्या किंवा शेतकऱ्याच्या नावानेच नोंदवून घ्यावा. तयार करून देणाऱ्या कारागिराच्या नावाने तो नोंदला गेल्यास पुढे वाद उद्भवतात आणि छापलेल्या सर्व पिशव्या निरुपयोगी होतात.

पानावर काय लिहावे?

आता कारध्याच्या पाणीपातळीकडे पुन्हा वळू. लोक मोबाईलवर दुकान क्वचितच शोधतात, ते आपल्या अडचणीचे उत्तर शोधतात. नागपुरातील गृहिणी "अमुक गटाचे संकेतस्थळ" असे कधीही विचारणार नाही, कारण तो गट तिला ठाऊकच नसतो. ती विचारील : नवा तांदूळ शिजवताना चिकट का होतो? खरा चिन्नोर कसा ओळखावा? जुना तांदूळ कोठे मिळेल? या प्रश्नांची उत्तरे धान पिकविणाऱ्यास जितकी चांगली देता येतात, तितकी शहरातील जाहिरात लिहिणाऱ्यास देता येत नाहीत.

यास्तव प्रत्येक प्रश्नास एक स्वतंत्र पान द्यावे. पानाच्या शीर्षकात गिऱ्हाईक ज्या शब्दांत विचारते तेच शब्द घालावेत. "आमची उत्पादने" या शीर्षकाने कोणास काहीच कळत नाही. त्याऐवजी "कारधा, भंडारा येथील चिन्नोर तांदूळ : नवा आणि जुना" असे लिहिले तर मनुष्यासही कळते व गूगलसारख्या शोधयंत्रासही कळते. मजकूर मराठीत असावाच, पण नागपूरपासून रायपूरपर्यंत गिऱ्हाईक मिळवावयाचे असल्यास तीच माहिती हिंदीतही द्यावी, आणि तांदळाचे नाव एकदा तरी रोमन लिपीत लिहावे.

उदाहरणादाखल 'नवा तांदूळ' हाच विषय घ्या. नुकत्याच भरडलेल्या नव्या तांदळाचा भात मऊ व चिकट होतो, त्यास पाणी कमी लागते. काही महिने साठविलेला तांदूळ अधिक पाणी घेतो, फुलतो व मोकळा होतो. हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे, म्हणून ते लिहिण्याजोगे आहे असे कोणास वाटत नाही. शहरातल्या माणसास मात्र ते ठाऊक नसते आणि भात चिकट झाला की तो विक्रेत्याने फसविले असे समजतो. आपल्या घरच्या वाटीच्या मापाने नव्यास किती व जुन्यास किती पाणी घालावे, हे लिहून सोबत दोन्ही भातांची छायाचित्रे द्यावीत. असे एक पान वर्षानुवर्षे उपयोगी पडते.

चिन्नोरची गोष्टही तशीच आहे. हे जुने सुवासिक वाण उंच वाढते, लोळते, उशिरा निघते व उत्पन्न कमी देते. आधारभूत खरेदी केंद्रावर धानाचे 'साधारण' आणि 'अ' असे दोनच दर्जे असतात, तेथे सुवासाला वेगळा भाव नाही. म्हणजे चिन्नोर लावणाऱ्याचे नुकसान टळावयाचे असेल तर सुवासाची किंमत देणारे गिऱ्हाईक त्यास स्वतःच शोधले पाहिजे. परंतु चिन्नोरच्या नावाखाली दुसरा बारीक तांदूळ मिसळून विकला जात असल्याने गिऱ्हाईक साशंक असते. त्याची शंका गोड शब्दांनी फिटत नाही. पऱ्हे कधी टाकले, रोवणी कोणत्या आठवड्यात झाली, कापणी व भरडाई केव्हा झाली, यांच्या तारखा व त्या त्या वेळची छायाचित्रे दिली म्हणजे फिटते. हे सर्व शेतात उभे राहून मोबाईलने टिपता येते. भंडारा चिन्नोर तांदळास भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. मात्र ते चिन्ह आपल्या पिशवीवर वा पानावर वापरावयाचे असल्यास १९९९ च्या कायद्याप्रमाणे अधिकृत वापरकर्ता म्हणून प्रथम नोंद करून घ्यावी.

छायाचित्रे जशी काढली तशीच चढवू नयेत. ती फार जड असतात आणि नेटवर्क मंद असलेल्या ठिकाणी पान उघडण्यापूर्वीच पाहणारा कंटाळून निघून जातो. ती लहान करून देणारी साधने विनामूल्य मिळतात.

फुकट मिळणारी नोंद

गूगलच्या नकाशावर व्यवसायाची नोंद विनामूल्य करता येते, आणि आमच्या समजुतीप्रमाणे थोड्या भांडवलाच्या माणसाने संकेतस्थळाच्याही अगोदर हे काम करावे. व्यवसायाचे नाव, खरा पत्ता, वेळ, दूरध्वनी व छायाचित्रे भरल्यावर ती जागा आपलीच असल्याची खात्री पटवून द्यावी लागते. त्यानंतर जवळपासचा मनुष्य तांदूळ शोधू लागला की नकाशावर आपले ठिकाण दिसण्याचा संभव निर्माण होतो. तांदूळ हा जड माल आहे. पाच किलोची पिशवी पुण्यास पाठविण्यात वाहतुकीचा खर्चच नफा खाऊन टाकतो. भंडारा शहर पुलापलीकडे आहे आणि नागपूरही फार दूर नाही. जड मालाचे पहिले गिऱ्हाईक जवळचे असावे.

समाधानी गिऱ्हाइकास त्या नोंदीखाली आपला अभिप्राय लिहिण्याची विनंती अवश्य करावी. त्याबद्दल सूट किंवा वस्तू देऊ नये, तसेच घरच्याच माणसांकडून अभिप्राय लिहवून घेऊ नयेत. हे गूगलच्या नियमांविरुद्ध आहे व उघडकीस आल्यास ते अभिप्राय काढून टाकले जातात. कोणी तक्रार लिहिली तर रागावू नये. तक्रारीखाली सभ्य व खरे उत्तर असले, तर तेही पुढील गिऱ्हाईक वाचते.

व्हॉट्सॲपचा व्यवसायासाठीचा प्रकारही विनामूल्य आहे. येथे एक बारकावा आहे. एकाच वेळी अनेकांस पाठविलेला संदेश, ज्यांनी आपला क्रमांक स्वतःच्या मोबाईलमध्ये जतन केला आहे त्यांनाच पोचतो. म्हणून माल देतानाच क्रमांक जतन करण्यास सांगावे. संदेश रोज पाठवू नयेत. नवी भरडाई झाली, जुना तांदूळ काढला, अशा वेळीच पाठवावेत व सोबत संबंधित पानाचा दुवा द्यावा.

जाहिरातीचा हिशेब

पैसे देऊन केलेली जाहिरात ही इंजिनाने उपसलेल्या पाण्यासारखी आहे, डिझेल संपले की धार थांबते. चांगले लिहिलेले पान हे बोडीसारखे आहे, खोदण्यास मेहनत पडते व भरण्यास वेळ लागतो, परंतु पुढे ती आपोआप भरते. इंजिन कधीच लावू नये असे नव्हे, पण लावण्यापूर्वी हिशेब करावा.

समजा, जाहिरातीवरून येणाऱ्या प्रत्येक माणसामागे ६ रुपये पडतात. शंभर माणसे आली तर ६०० रुपये झाले. त्यांपैकी दोघांनी पाच-पाच किलो तांदूळ घेतला आणि सर्व खर्च जाता किलोमागे २० रुपये उरले, तर हाती आले २०० रुपये. म्हणजे ४०० रुपयांचा तोटा. एका गिऱ्हाइकामागे ३०० रुपये खर्च व एका खरेदीत १०० रुपये प्राप्ती असल्याने, तेच गिऱ्हाईक तिसऱ्यांदा आले तरच खर्च भरून निघेल. यावरून दिसून येईल की, आलेले गिऱ्हाईक टिकविण्याची व्यवस्था नसताना जाहिरात करणे हे भोकाच्या पोत्यात धान भरण्यासारखे आहे. आकडे ज्याचे त्याने आपल्या मालाप्रमाणे बदलून घ्यावेत.

"तुमचे संकेतस्थळ गूगलवर पहिल्या क्रमांकावर आणून देतो" असे सांगणारे दूरध्वनी नव्या व्यावसायिकांस येतात. अशी हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलनेच स्पष्ट केलेले आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट गटाच्या बैठकीत आवर्जून सांगावी, कारण या फसवणुकीत हजारो रुपये जाऊ शकतात.

नोंदवही ठेवावी

कोणत्या शब्दांनी शोध घेऊन लोक आपल्या पानावर आले, हे दाखविणारे 'सर्च कन्सोल' नावाचे साधन गूगल विनामूल्य देते. गावातील शिकलेल्या मुलामुलींपैकी एखाद्यास ते शिकवून महिन्यातून एकदा त्यातील शब्द वहीत उतरवून घ्यावेत. लोक "कणी" विचारीत असतील आणि आपल्या पानावर कणीचा उल्लेखही नसेल, तर पुढचे पान कोणते लिहावे हे निराळे सांगावयास नको. त्याच वहीत प्रत्येक नव्या गिऱ्हाइकास "आमचा पत्ता आपणास कसा कळला?" असे विचारून उत्तर लिहावे. पिशवी, नकाशा, शेजारी की जाहिरात, हे वर्षअखेर मोजले म्हणजे पुढील वर्षी पैसा कोठे घालावा ते ठरविता येते.

नव्या पानाची दखल शोधयंत्राने घेण्यास काही दिवसांपासून काही महिन्यांपर्यंत वेळ लागतो. चिन्नोर हाती येतो तो दिवाळीनंतर. पाने त्या वेळी लिहावयास बसल्यास उशीर होतो. रोवणी आटोपल्यावर जी थोडी उसंत मिळते, तेव्हाच ती लिहून चढवावीत आणि कापणीच्या तारखा मागाहून भराव्यात. हंगामाच्या शेवटी माल संपला तर पान काढून टाकू नये. "या वर्षीचा चिन्नोर संपला, नवा अमुक महिन्यात निघेल" असे लिहून खाली आपला व्हॉट्सॲप क्रमांक द्यावा, म्हणजे ज्यांस हवा असेल ते आपली मागणी आधीच नोंदवून ठेवतील.