ताऱ्यांपेक्षा तास मोजा

लेखमाला : घरखर्चाचा हिशेब । भाग ६

गेल्या आठवड्यात आपण छापील किंमत आणि सवलत यांचं गणित पाहिलं. ते गणित दुकानाच्या काउंटरवर संपतं. विजेवर चालणाऱ्या वस्तूचं खरं गणित मात्र ती घरी आल्यावर सुरू होतं. पंखा, फ्रिज, एसी यांची किंमत आपण दोनदा मोजतो. एकदा दुकानात, आणि नंतर दहा-बारा वर्षं दर महिन्याच्या लाइट बिलात. दुकानातल्या किमतीवर आपण घासाघीस करतो, चार ठिकाणी चौकशी करतो. बिलातल्या किमतीसाठी मात्र दुकानदाराच्या एका वाक्यावर भागवतो : ‘पाच स्टारचं घ्या, लाइट बिल कमी येईल.’

सल्ला खोटा नाही, पण अपुरा आहे. किती तारे, हा अर्धाच प्रश्न झाला. ती वस्तू आपल्या घरात वर्षाला किती तास चालणार, हा उरलेला अर्धा. त्याचं उत्तर दुकानदाराकडे नसतं, आपल्याकडेच असतं. दोन्ही अर्धे जोडले की काही वस्तूंवर जास्तीचे पैसे घालणं शहाणपणाचं ठरतं आणि काहींवर ते वायाच जातात.

लेबलवर वाचायचं काय?

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला. त्या कायद्याखाली २००२ मध्ये ऊर्जा दक्षता ब्यूरो, म्हणजे बीईई, ही संस्था उभी राहिली. तिने २००६ मध्ये तारांकित लेबलांची योजना सुरू केली. आधी ऐच्छिक असलेलं हे लेबल २०१० पासून फ्रॉस्ट-फ्री फ्रिज आणि खोलीच्या एसीसाठी सक्तीचं झालं. छताच्या पंख्यांना ते १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचं आहे.

लेबलवर आपली नजर आधी ताऱ्यांवर जाते. तिथून ती खाली न्या. एसी आणि फ्रिजच्या लेबलवर एक आकडा छापलेला असतो, वर्षाला किती युनिट वीज लागेल याचा. हिशेबाला लागतो तो हाच. त्याच्याजवळच लेबलचा कालावधी असतो, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. तोही महत्त्वाचा, कारण ताऱ्यांचे निकष काही वर्षांनी कडक होतात. १ जुलै २०२२ ला एसीचे निकष बदलले, तेव्हा आदल्या दिवसापर्यंत पाच तारे मिरवणारी अनेक मॉडेलं चार ताऱ्यांवर आली. यंत्र तेच, खपणारी वीजही तेवढीच, फक्त तारा गेला. म्हणून भरघोस सवलतीत मिळणारा ‘पाच स्टार’ दिसला, तर आधी त्याच्या लेबलवरचं वर्ष पाहा.

दुसरी गोष्ट, तारे त्या-त्या गटापुरते असतात. डायरेक्ट-कूल आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रिजचे तक्ते वेगळे आहेत, शिवाय क्षमतेनुसार निकष बदलतात. त्यामुळे पाच ताऱ्यांचा मोठा फ्रिज तीन ताऱ्यांच्या छोट्या फ्रिजपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. तुलना करायची ती युनिटांची.

वाचलेलं युनिट कितीचं?

महावितरणचं घरगुती बिल टप्प्याटप्प्याने चढतं. पहिली १०० युनिटं, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५०० आणि त्यापुढची. दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या साधारण दुप्पट असतो. मुंबईत बेस्ट, टाटा, अदानी यांचे दर वेगळे आहेत आणि गोव्यात टप्पेही वेगळे, पण वापर वाढला की दर चढतो हे सगळीकडे सारखं.

यातला मुद्दा सहज निसटतो. आपण वीज वाचवतो ती वरच्या टप्प्यातून. महिन्याला २५० युनिटं जाळणाऱ्या घरानं ३० युनिटं वाचवली, तर ती तिसाच्या तीस महागड्या टप्प्यातली असतात. एकूण बिलाला युनिटांनी भागून येणारा सरासरी दर इथे उपयोगाचा नाही. आपला वापर ज्या टप्प्यात संपतो त्याचा वीज आकार घ्या, त्यात वहन आकार मिळवा, इंधन समायोजन आकार असेल तर तोही, आणि या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क. हा तुमचा खरा दर. स्थिर आकार सोडून द्या, वीज वाचवली तरी तो भरावाच लागतो.

पुढची उदाहरणं सोपी जावीत म्हणून मी युनिटला १० रुपये धरतो. तुमचा आकडा बिलावरून काढून त्या जागी घाला. दरमहा शंभराच्या आत राहणाऱ्या घराचा तो कमी येईल, तीनशेच्या वर जाणाऱ्याचा बराच जास्त.

पंखा : इथे पैसे घाला

जुना साधा पंखा पूर्ण वेगावर सुमारे ७५ वॅट घेतो. बीएलडीसी मोटरचा पंखा जवळपास तेवढाच वारा २८ ते ३५ वॅटमध्ये देतो. साध्या पंख्याच्या इंडक्शन मोटरमध्ये फिरणाऱ्या भागात चुंबकत्व आणण्यासाठीच वीज खर्ची पडते आणि तिची उष्णता होते. बराच वेळ चाललेल्या पंख्याची वाटी गरम लागते, ती या वाया गेलेल्या विजेमुळे. बीएलडीसीमध्ये फिरणाऱ्या भागावर कायमचे चुंबक बसवलेले असतात आणि एक इलेक्ट्रॉनिक सर्किट विंडिंगमधला प्रवाह नेमक्या क्षणी बदलत राहतं. त्यामुळे ती वीज वाचते.

आता तास घाला. हॉलमधला पंखा दिवसाला १५ तास आणि वर्षाचे ३०० दिवस चालतो असं धरू. साधा पंखा वर्षाला सुमारे ३३७ युनिटं घेईल, ३० वॅटचा १३५. फरक दोनशेच्या आसपास, म्हणजे वर्षाला २,००० रुपये. साधा पंखा दीड हजाराला आणि बीएलडीसी तीन हजाराला मिळाला, तर जास्तीचे दीड हजार वर्षाच्या आत वसूल. साध्या पंख्याचं बिल नीट पाहा : ३३७ युनिटांचे ३,३७० रुपये. पहिल्याच वर्षी त्यानं आपल्या किमतीच्या दुपटीहून अधिक वीज खाल्ली.

तोच पंखा पाहुण्यांच्या खोलीत दिवसाला दोन तास फिरत असेल, तर वर्षाला २७ युनिटं वाचतील, म्हणजे २७० रुपये. दीड हजार फिटायला साडेपाच वर्षं लागतील. तिथला चालता पंखा काढायचं कारण नाही. घरातला सर्वांत जास्त फिरणारा पंखा आधी बदला, बाकीचे बिघडतील तसे.

लोडशेडिंग सोसणाऱ्या गावांत आणखी एक फायदा आहे. इन्व्हर्टरवर तीन साधे पंखे सव्वादोनशे वॅट ओढतात, तीन बीएलडीसी नव्वदच्या आसपास. तीच बॅटरी दुपटीहून जास्त वेळ पुरते. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनीही बिचकू नये, घर सोडताना पंखा उतरवून नेता येतो.

दोन गोष्टी मात्र दुकानातच विचारून घ्या. हा पंखा सहसा भिंतीवरच्या जुन्या रेग्युलेटरवर चालत नाही. रेग्युलेटर काढून सरळ जोडणी करावी लागते आणि वेग रिमोटवर ठेवावा लागतो. शिवाय साधा पंखा मंदावला तर गल्लीतला वायरमन कपॅसिटर बदलून देतो, इथे सर्किट गेलं तर कंपनीचा माणूस लागतो. म्हणून वॉरंटी सर्किटवर किती वर्षांची आहे आणि आपल्या गावात सेवा केंद्र आहे का, हे किमतीइतकंच महत्त्वाचं.

फ्रिज : आकडा वाचा, वजाबाकी करा

फ्रिजचा हिशेब सर्वांत सोपा, कारण तो कधीच बंद नसतो. लेबलवरचा वर्षाचा आकडा जवळपास तसाच धरता येतो. दार किती वेळा उघडतं, गरम भांडं आत जातं का, यानं थोडं इकडेतिकडे होईल. समजा, एकाच क्षमतेच्या दोन फ्रिजवर १८० आणि २४० असे आकडे आहेत. फरक ६० युनिटांचा, म्हणजे वर्षाला ६०० रुपये. फ्रिज दहा वर्षं टिकला तर ६,०००. किमतीतला फरक तीन-चार हजार असेल तर कमी युनिटांचा घ्या. नऊ हजार असेल तर ते पैसे विजेतून परत येणार नाहीत. तरी घ्यायचा असेल तर दुसऱ्या कारणानं घ्या, विजेच्या नावानं नको.

एसी : इथे थांबा

पाच ताऱ्यांच्या नावाखाली सर्वांत जास्त पैसे एसीवर जातात, आणि हिशेब चुकतो तोही इथेच. एसीच्या लेबलवरचा आकडा वर्षाला १,६०० तास वापर गृहीत धरून काढलेला असतो. आता आपलं घर पाहा. पुण्यातलं एखादं कुटुंब एप्रिल-मे मध्ये रात्रीचे सात तास एसी लावतं. ते झाले ४२० तास. ठाण्यात किंवा नागपुरात घरून काम करणाऱ्याचे तास याच्या कितीतरी पट होतात.

दीड टनाच्या तीन ताऱ्यांच्या एसीवर १,००० आणि पाच ताऱ्यांच्या एसीवर ७८० असा आकडा आहे आणि किमतीत ८,००० रुपयांचा फरक आहे, असं धरू. १,६०० तास चालवणाऱ्याची २२० युनिटं, म्हणजे २,२०० रुपये वर्षाला वाचतात. जास्तीचे पैसे चार वर्षांच्या आत फिटतात. त्यानं डोळे झाकून पाच तारे घ्यावेत. ४२० तासवाल्याची वाचतात ५८ युनिटं, म्हणजे ५८० रुपये. उन्हाळ्यात एसीमुळे त्याचं बिल तीनशेच्या वरच्या टप्प्यात जातं म्हणून युनिटला १५ रुपये धरले, तरी ८७० रुपये. आठ हजार फिटायला नऊ वर्षं. तोवर एसीच बदलायला येईल. या घरासाठी तीन ताऱ्यांचा एसी हा पूर्ण विचारानं घेतलेला निर्णय आहे. त्यात चिकटपणा नाही आणि कमीपणाही नाही. उरलेल्या आठ हजारांत घरातले दोन-तीन पंखे बदलतात आणि ते बाराही महिने वीज वाचवतात.

एसी कोणताही असो, तापमान आपल्या हातात असतं. जानेवारी २०२० पासूनच्या एसीत सुरुवातीचं तापमान २४ अंश ठेवणं कंपन्यांना बंधनकारक आहे. तापमान एक अंश वर ठेवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं बीईई सांगते. २४ वर एसी आणि जोडीला पंखा, ही बचत फुकटची आहे.

गिझरचं एका परिच्छेदात सांगता येईल. त्याचे तारे पाणी तापवण्याचे नसतात. तापलेलं पाणी टाकीत तसंच राहिलं तर दिवसभरात किती उष्णता निसटते, त्यावरून ते ठरतात. १५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला कोणत्याही गिझरला किमान अर्धं युनिट लागतंच. आंघोळीआधी बटण चालू आणि पाणी काढलं की बंद, अशी शिस्त असलेल्या घरात ताऱ्यांनी फारसा फरक पडत नाही. दिवसभर गिझर चालू राहणाऱ्या घरात पडतो.

मीटरवरचा लुकलुकणारा दिवा

हे सगळं माझ्या शब्दावर मानू नका, घरी करून पाहा. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी ‘३२०० आयएमपी प्रति केडब्ल्यूएच’ असं काहीतरी इंग्रजीत छापलेलं असतं. म्हणजे ३,२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातलं सगळं बंद करा, फ्रिज आणि वायफायसुद्धा. फक्त एक पंखा पूर्ण वेगावर ठेवा आणि दहा मिनिटं मोजा. अशा मीटरवर ७५ वॅटचा पंखा सुमारे ४० वेळा लुकलुकवेल, ३० वॅटचा १६ वेळा. तुमच्या मीटरवर आकडा वेगळा असेल तर दहा मिनिटांतली मोजणी सहानं गुणा, मीटरवरच्या आकड्यानं भागा आणि हजारानं गुणा. आलेले वॅट त्या पंख्याचे. मुलांना सोबत घ्या, त्यांना वीज म्हणजे काय हे पुस्तकापेक्षा लवकर कळेल.

दुकानात जाताना तीन आकडे कागदावर लिहून न्या : वस्तू वर्षाला चालणारे तास, तुमच्या वरच्या टप्प्यातल्या युनिटचा दर, आणि ती किती वर्षं वापरायची आहे. चौथा आकडा लेबलवर मिळेल. ही बेरीज-वजाबाकी पाच मिनिटांची आहे, आणि तिच्यावर ठरणारे पैसे आपण घाम गाळून मिळवलेले असतात. ते कुणाच्या एका वाक्यावर सोडून देऊ नयेत, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे.

पुढच्या आठवड्यात : बिल करताना पुढे केली जाणारी ‘वाढीव वॉरंटी’. ती कोणत्या वस्तूवर घ्यावी, कोणत्या वस्तूवर नाकारावी आणि सही करण्याआधी तिच्यातल्या कोणत्या अटी वाचाव्यात?