मुलीला लॅबचं शिकवायचंय? आधी चार प्रश्न विचारा

आमच्या बचत गटातल्या एका वहिनींनी लेकीच्या ‘लॅब कोर्स’साठी गटातून कर्ज काढलं. वर्षभर फी भरली, मुलगी पास झाली, प्रमाणपत्र घरी आलं. नोकरीला गेल्यावर कळलं, त्या कागदाला मान्यताच नाही. कर्ज मात्र अजून फेडतायत. म्हणून आज या शिक्षणाबद्दल बोलू.

मी स्वतः लॅब टेक्निशियन आहे. लोकांना वाटतं, रक्त काढायचं आणि मशीनमध्ये घालायचं, एवढंच काम. पण साखरेचं रक्त राखाडी बुचाच्या नळीत घेतात, कारण तिच्यात फ्लोराईड असतं. साध्या नळीत ठेवलं तर रक्तातल्या पेशी साखर खातच राहतात; तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर कमी होते. वाडीवरून तालुक्याला नमुना पोचायला तीन तास लागले, तर वाढलेली साखरसुद्धा बरी दिसेल. हिमोग्लोबिनचं रक्त जांभळ्या बुचाच्या नळीत घेतात. ती नळी हलक्या हातानं आठ-दहा वेळा उलटीसुलटी करायची. नाही केली तर गुठळी होते, जोरात हलवली तर पेशी फुटतात. नळीवरचं नावही पेशंटसमोरच लिहायचं. गावात एकाच नावाच्या दोघी असतात. नळ्या बदलल्या तर एकीचं औषध दुसरीला जातं. ही शिस्त पुस्तक वाचून येत नाही, हाताला वळण लागावं लागतं.

आता शिक्षण. बारावी सायन्स, त्यात बायोलॉजी, हा पाया. पुढे दोन वाटा आहेत. एक डीएमएलटी ही पदविका. दुसरी पदवी : बी.एस्सी. एमएलटी किंवा नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीएमटी. बीपीएमटी म्हणजे ३ वर्षं शिक्षण आणि १ वर्ष प्रत्यक्ष काम. रक्त, लघवी, थुंकी यांच्या तपासण्या, जंतूंची ओळख, रक्तपेढीचं काम, असं सगळं शिकवतात.

चौकशीला आपल्याला लांब जायला नको. मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. साताऱ्यातही आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालंय. कराडजवळ मलकापूरला कृष्णा विद्यापीठ आहे, सांगलीत भारती विद्यापीठाचं वैद्यकीय महाविद्यालय. कुठला अभ्यासक्रम यंदा चालू आहे, जागा किती, हे थेट कार्यालयात जाऊन विचारा. एजंटाच्या हातात पैसे देऊ नका.

पैसे भरण्याआधी हे चार प्रश्न विचारा.

पहिला : प्रमाणपत्र कोण देणार? विद्यापीठाचं किंवा सरकारी मंडळाचं नाव लेखी मागा.

दुसरा : या कोर्सवर महाराष्ट्र परावैद्यक परिषदेत नोंदणी होते का? त्यासाठी २०११ चा राज्याचा कायदा आहे, २०२१ मध्ये केंद्राचाही आला. संस्थेच्या शब्दावर राहू नका, परिषदेकडे खात्री करा.

तिसरा : प्रत्यक्ष काम कुठल्या दवाखान्यात, किती महिने? तिथं जाऊन बघा. मुलींच्या हातात मायक्रोस्कोप आहे का नुसता फळा?

चौथा : पूर्ण कोर्सची फी किती, पावती मिळणार का, आणि महाडीबीटीवरून शिष्यवृत्ती मिळते का?

सरकारी नोकरीचा विचार असेल तर जाहिरातीतली पात्रता आधी वाचा. पदवी मागितली असेल तिथं पदविका चालत नाही.

आणखी एक गोष्ट. ‘कोर्स कर, गावात स्वतःची लॅब टाक,’ असं सांगणारे भेटतात. तपासणी आपण करतो, पण डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांचीच हवी. लॅबसाठी कर्ज काढण्याआधी हे ध्यानात ठेवा.

काम चालू करण्याआधी मुलीला काविळीची, म्हणजे हेपेटायटिस बीची लस द्या. तीन डोस असतात, सहा महिन्यांत पुरे होतात. रोज दुसऱ्याच्या रक्ताशी गाठ असते.

वहिनींची लेक हुशार आहे. यंदा ती मान्यतेच्या कोर्सला पहिल्यापासून प्रवेश घेतेय. गटानं आता ठराव केलाय : शिक्षणासाठी कर्ज मागितलं, तर या चार प्रश्नांची लेखी उत्तरं अर्जाला जोडायची. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्याल ना?